हललं नाही तर

मंगलाकाकू टिपणीस कुणाच्याही पाठीवरून हात फिरवायच्या आधी नळाला हात लावायच्या. नळ जवळ नसला तर दाराची कडी, फ्रीजचं हँडल, गाडीचा दरवाजा, काहीही चालायचं, फक्त धातूचं हवं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या आमच्या चँडलरची हवा इतकी कोरडी आहे की गालिच्यावरून चालत जाऊन कुणाला शिवलं तर चटकन ठिणगी बसते. आम्ही बाकीचे 'आई गं' म्हणतो आणि विसरून जातो. काकूंची सगळी नोकरी चिप तपासण्यात गेली होती, आणि तिथे माणसाच्या बोटातली ठिणगी म्हणजे एका चिपचा जीव जातो. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी हाताची ही सवय काही सुटली नाही.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ओळख करून घ्यावी म्हणून डब्यात बेसनाचे लाडू घेऊन गेले, तर दार उघडून या बाईंनी आधी कडीला हात लावला आणि मग माझा हात हातात घेतला. मला वाटलं, झालं, सोवळ्यातल्या दिसतात, आता आपलं कसं व्हायचं. थोड्या वेळाने त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून तळलेल्या पापलेटची तुकडी पुढे केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"फ्रोझन आहे," त्या म्हणाल्या. "वाळवंटात राहून ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. बस. लाडू नंतर खाईन, शुगर आहे मला. नंतर म्हणजे तू गेल्यावर."

अंगाने किरकोळ, पांढऱ्या केसांचा बॉबकट, टी-शर्ट, ढगळ पँट, आणि त्यावर कंपनीचा निळा झगा. रिटायर होताना तो परत द्यायचा राहिला, असं त्या सांगायच्या. मला विचाराल तर मुद्दामच राहिला असावा. फोडणी देताना तोच झगा, झाडांना पाणी घालताना तोच, आणि वाल सोलतानाही तोच. वाल हे त्यांचं दुसरं वेड. भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडं करायचं. चँडलरच्या उन्हाळ्यात मोड इतक्या झटपट येतात की पेणच्या त्यांच्या आईला हे सांगितलं असतं तर ती सगळं घेऊन इकडेच राहायला आली असती, असं त्या म्हणायच्या. सोलताना प्रत्येक दाणा उजेडाकडे धरून बघायच्या. नासका निघाला की त्याच्याकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघून बाजूला टाकायच्या.

आमच्या गल्लीत माणूस दिसणं मुश्कीलच. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, की झाली शेजाऱ्याची भेट. माझं लग्न मोडलेलं, मुलगी कॉलेजसाठी दूर गेलेली, काम घरून. दिवसातला माझा पहिला शब्द मीटिंगमध्ये 'कॅन यू हिअर मी' हाच असायचा. काकूंचे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना फोटोतच बघितलं. त्यांची म्हणून घरात एकच वस्तू उरली होती, एक रॉकिंग चेअर. कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून त्यांनी ती हौसेने आणली होती. तिच्यावर काकू स्वतः कधी बसायच्या नाहीत, आणि मी चुकून टेकले तर काही बोलायच्या नाहीत, पण पुढची पाच मिनिटं बोलणं जरा तुटक व्हायचं. मग मी टेकणं सोडलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ड्राइव्ह करणं बंद केलं. तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांना लायब्ररीत सोडायला लागले. तिथल्या मागच्या खोलीत त्या आपल्या मराठी मंडळातल्या मुलांना फुकट शिकवायच्या. प्रत्येक मुलासमोर बिस्किटाएवढा एक बोर्ड. त्यावर पाच ओळींत पाच-पाच बारीक लाल दिवे, दोन बटणं, आणि पोटात एक सेन्सर. बोर्ड हलला, कलला, आपटला की त्याला ते कळतं. मुलांनी कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून प्रोग्रॅम करायचा आणि तो बोर्डमध्ये उतरवायचा. हलवलं की दिवे लागले पाहिजेत, एवढंच काम.

पहिल्या दिवशी बोर्ड हातात पडताच ती पोरं जी हलवत सुटली, ती थांबेनात. दिवे लागतायत, विझतायत, एकाने तर तो शर्टाच्या खिशात घालून उड्या मारायला सुरुवात केली.  काकू म्हणाल्या, "हात खाली. बोर्ड टेबलावर. आता काय दिसतंय?"

"नथिंग, काकू."

"नथिंग कसं? खरा प्रश्न तोच आहे. हललं तर दिवा लावायचा, हे कुणीही करेल. हललं नाही तर काय करायचं? ते आधी लिहा."

पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी वैतागली. "बट काकू, दॅट्स सो बोअरिंग. नथिंग हॅपन्स!"

"अगं, बहुतेक वेळ तेच चालू असतं," काकू म्हणाल्या. "त्याची तयारी नको?"

मुलीला ते कळलं नसावं. मला तरी त्या दिवशी कुठे कळलं होतं? पण काकूंच्या वर्गात 'हललं नाही तर' हा ठोकळा आधी जोडल्याशिवाय 'हललं तर' लिहायला परवानगीच नव्हती. पालक कुरकुरायचे. हे म्हणजे सायकल शिकवायच्या आधी पडायला शिकवणं झालं, असं एक बाबा म्हणाले. त्यावर काकूंनी त्यांना विचारलं, "मग तुम्ही पडायला कधी शिकलात?" तो गृहस्थ हसला आणि पुढच्या शनिवारपासून बाहेर गाडीत बसायला लागला.

गाडीत त्या त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी सांगायच्या. त्यातली एक त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की मी ती त्यांच्याच आवाजात सांगू शकते. ख्रिसमसच्या तोंडावर चिपचा एक मोठा लॉट थंडीच्या टेस्टमध्ये नापास व्हायला लागला. माल जायची घाई. मॅनेजर म्हणाला, पुन्हा टेस्ट कर, पुन्हा कर, पास होईपर्यंत कर. "मी म्हटलं, बाबा रे, मशीन तेच, चिप त्याच, मी तीच. मग उत्तर बदलायचं तर ते बदलणार कोण?" त्यांनी फेल लिहिलं. त्या वर्षी प्रमोशन दुसऱ्याला मिळालं.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं होतं.

"वाटलं ना. घरी येऊन रडले. यांनी बिचाऱ्यांनी पिठलं-भात केला. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा फेलच लिहिलं."

त्यांचा मुलगा निखिल व्हर्जिनियाला, अ‍ॅशबर्नमध्ये. डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगते, कारण अशा लेखांत मुलगे फार चटकन वाईट ठरतात. रोज फोन करायचा. आई एकटी, सत्तरी उलटलेली, शुगर आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते, या काळजीने तो खरंच झोपत नसे. घर विकून तिने आपल्याकडे यावं असा त्याचा धोशा. बेसमेंट तयार करून ठेवलेलं, स्वतंत्र बाथरूमसकट. आणि तोपर्यंत म्हणून त्याने एका सुट्टीत येऊन घरात तीन कॅमेरे लावले. तो परत गेला त्याच दिवशी काकूंनी तिन्ही कॅमेऱ्यांवर स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या.

मी तिथेच बसले होते तेव्हा त्याचा फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकला.

"आई, कॅमेरे सगळे ब्लॅक दिसतायत. इंटरनेट गेलंय का?"

"नाही, वाट्या आहेत. बिरड्याला कमी पडल्या तर काढीन."

"आई, प्लीज यार. बी सीरियस. तू बाथरूममध्ये पडलीस तर मला कळणार कसं?"

 प्रश्न खरा होता आणि खऱ्या प्रश्नाला वाटी घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला कुणी बघत राहिलेलं चालत नाही. पण मी हललेय की नाही एवढं कळलं तर चालेल. ते मी करते. आणि ऐक, अनुजा इथे बसलीय, ती साक्षीदार. ज्या दिवशी सकाळी नऊपर्यंत मी हलले नाही असं निघेल आणि खरंच पडलेली सापडेन, त्या दिवशी मी बॅग भरीन. वाद नाही, रडणं नाही. पण तोवर बेसमेंट हा शब्द काढायचा नाही."

निखिल "डील" म्हणाला. मला तेव्हा गंमत वाटली होती.

मग त्यांनी वर्गातलेच दोन बोर्ड घेतले. एक त्यांच्या घरात बसवायचा, दुसरा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. या बोर्डांना आपसात बिनतारी बोलता येतं, पण जेमतेम या घरातून त्या घरात, त्याहून लांब नाही. काकू सकाळी हलल्या की माझ्या खिडकीतल्या बोर्डवर लाल दिव्यांचा बदाम उगवणार. पत्त्यातला बदाम. हार्ट हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

पण बोर्ड बसवायचा कशावर? यात पंधरवडा गेला. फ्रीजच्या दारावर लावला, तर रात्री शुगर उतरली की त्या उठून काहीतरी तोंडात टाकायच्या, म्हणजे पहाटेपूर्वीच बदाम. चहाच्या डब्यावर लावला, तर कधी चहाच घ्यायच्या नाहीत. काठीवर लावला, तर काठी जिथे असेल तिथे त्या नसायच्या. मग एका रविवारी मी गेले तर रॉकिंग चेअरच्या हाताखाली रबरबँडने तो बांधलेला, शेजारी बॅटरीची डबी.

"खुर्चीवर?" मी म्हटलं. "तुम्ही तर बसत नाही हिच्यावर."

"बसत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी नळ सोडून हात धुतले, पुसले, मग म्हणाल्या, "सकाळी उठून जाताना हिला एक ढकल देते. हे पहाटे उठून बसायचे ना, तर मला झोपेत कुरकुर ऐकू यायची. आता मीच देते. चहा चुकतो, गोळ्या चुकतात, हे नाही चुकत. टेस्टला असलंच काहीतरी लागतं."

 मी वाल सोलायला घेतले.

पुढे आठवडाभर काकूंनी त्या खुर्चीचा पिच्छा पुरवला. एसीचा वारा लागून ती हलते का? शेजारून कोणी दार आपटलं तर? मंगळवारी कचऱ्याचा ट्रक येतो तेव्हा जमीन थरथरते. त्या मंगळवारी मला खिडकीशी उभं केलं आणि स्वतः फोनवर. ट्रक आला आणि माझ्याकडे बदाम लागला. "काकू, लागला!" मी ओरडले. "नालायक," त्या बोर्डला म्हणाल्या. "कचऱ्याचा ट्रक गेला म्हणजे मंगला उठली, असं होता कामा नये." किती जोराचा धक्का धरायचा तो प्रोग्रॅममधला आकडा त्यांनी वाढवला. पुढच्या मंगळवारी ट्रक आला आणि गेला, बोर्ड ढिम्म. मग त्यांनी हाताने ढकल दिली आणि बदाम उगवला. त्यांचा आनंद फोनवरून मला ऐकू आला.

तो बदाम बघण्याची मला सवय कधी लागली ते कळलं नाही. कॉफी गाळताना मान आपोआप खिडकीकडे जायची. तो लागलेला दिसला की मला बरं वाटायचं, आणि ते फक्त काकूंपुरतं नव्हतं. दिवसाच्या सुरुवातीला कुणीतरी आपल्याला काहीतरी कळवलंय, एवढं त्यात होतं. माझ्या घरात दुसरं कोण कळवणार होतं?

एक दिवस नऊ वाजले आणि बोर्ड काळा. साडेनऊलाही काळा. त्यांनी दिलेली किल्ली घेऊन मी स्लिपरवरच धावले. दार उघडलं तर या निळ्या झग्यात पोळी लाटतायत.

"काय गं? केवढी धापा टाकतेस?"

"बदाम नाही आला!"

त्यांनी खुर्चीकडे बघितलं, डबी उघडली. "बॅटरी मेली. मी नाही." आणि मग हसण्याऐवजी त्यांचा चेहरा पडला. खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या त्या. "इतकी वर्षं पोरांना सांगतेय, हललं नाही तर काय ते आधी लिहा, आणि माझ्याच प्रोग्रॅममध्ये मेलेली बॅटरी आणि मेलेली मंगला सारखीच दिसतेय. शोभतं का हे मला?" मी म्हटलं, जाऊ द्या हो काकू, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून नवी बॅटरी शोधायला लागले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दुरुस्त केलं. आता खुर्चीवरचा बोर्ड थोड्या थोड्या वेळाने माझ्या बोर्डाला नुसतं 'आहे' म्हणून कळवायचा आणि माझ्याकडे मधोमध एकच दिवा लुकलुकायचा. त्याला त्यांनी टिंब म्हटलं. बदाम म्हणजे काकू उठल्या. टिंब म्हणजे यंत्र ठीक आहे, काकू अजून हललेल्या नाहीत. काळं म्हणजे बॅटरी बदल. रात्री पुन्हा टिंब, सकाळी बदाम. असं दीड-एक वर्ष बिनबोभाट चाललं. त्या काळात बेसमेंट हा शब्द निखिलने खरंच काढला नाही. शनिवारी वर्ग, रविवारी बिरडं, मधल्या दिवसांत कधी त्या माझ्याकडे, कधी मी त्यांच्याकडे. दोघींनाही फार बोलायला लागायचं नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी नऊ वाजून गेले आणि टिंब लुकलुकत होतं.

मी किल्ली घेतली. या वेळी धावले नाही. काकू बेडरूममधून हॉलमध्ये येणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी कुशीवर पडल्या होत्या. पहाटे उठताना तोल गेला, खुबा मोडला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. शुद्धीवर होत्या, ओठ सुकले होते. आणि त्यांच्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर, रॉकिंग चेअरचा पाय होता.

"आलीस," त्या म्हणाल्या. "बरोबर."

मी नाइन-वन-वनला फोन केला, पाणी पाजलं. अँब्युलन्सची वाट बघताना त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं. खुर्ची धरून उठता येईल असं त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं. हात लांबवलासुद्धा. मग लक्षात आलं की धरली की ती हलणार. "हलली असती तर तुझ्याकडे बदाम लागला असता, आणि तू निवांत कॉफी पीत बसली असतीस. म्हणून हात आवरून घेतला." पहाटेपासून नऊपर्यंत ती बाई त्या खुर्चीशेजारी हात छातीशी धरून पडून राहिली होती, तिला धक्का लागू नये म्हणून. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय, टेस्ट चालली ना?"

हॉस्पिटलमध्ये निखिल पोचायच्या आत मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "काकू, मी त्याला सांगते की मी ताक द्यायला आले आणि तुम्ही त्याच वेळी माझ्यासमोर पडलात. टिंबाचं काढायलाच नको." त्या काही बोलल्या नाहीत. औषधांची गुंगी होती. मी तो होकार धरला.

संध्याकाळी निखिल आला. विमानतळावरून थेट, बॅग खांद्यावरच. आईच्या पायांशी उभा राहिला आणि मला म्हणाला, "अनुजाताई, थँक गॉड तुम्ही होता. कळलं कसं तुम्हाला?"

"मी सहज ताक द्यायला..." मी सुरुवात केली.

"सहज नाही," कॉटवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच. "टिंब होतं. नऊनंतरही टिंबच होतं. नीट सांग त्याला."

मी मान खाली घातली.  निखिलने त्यांचा पाय हलकेच धरला आणि म्हणाला, "आई, ते डील-बील सोड गं. तू आधी बरी हो. मग बघू."

"बघू काय? बोलले होते मी." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "पण चाललं ना गं ते? एकदम बरोबर चाललं." त्यांच्या तोंडावर चक्क अभिमान होता, आणि मला तो बघवेना. ती चिप नापास लिहून आलेली बाई मी गाडीत ऐकली होती. आता समोर बघत होते. या वेळी पिठलं-भात करायला घरी कुणी नव्हतं.

घर लगेच विकलं गेलं. सामान फार नव्हतंच. बेसमेंटमध्ये रॉकिंग चेअरला जागा नव्हती असं नाही, निखिल ती पाठवायला तयार होता, पण काकूच नको म्हणाल्या. "तिकडे दमट हवा. लाकूड फुगेल. इथेच राहू दे, अनुजाकडे." दोन्ही बोर्डही माझ्याकडे ठेवले. "बॅटऱ्या काढून ठेव हं, नाहीतर गळतात." निघताना गाडीच्या दरवाजाला हात लावून मग माझ्या गालाला लावला. गाल ओला होता, त्यामुळे ठिणगीची भीती नव्हती असं त्या म्हणाल्या.

मी बॅटऱ्या काढल्या नाहीत. खुर्ची माझ्या हॉलमध्ये, बोर्ड तिच्या हाताखाली, दुसरा खिडकीत. टिंब लुकलुकत राहिलं. सकाळी जाताना खुर्चीला ढकल द्यावी असं मनात यायचं, पण तो बदाम मग कुणाचा झाला असता? आणि मी हललेय हे खिडकीत बघून मला काय मिळणार होतं? एका सकाळी बोर्ड काळा दिसला. यंत्रातलं काय बंद झालं ते त्यांनी शिकवल्यामुळे मला नीट कळलं. नव्या बॅटऱ्या ड्रॉवरमध्ये होत्या. त्या मी घातल्या नाहीत.

फोन मात्र व्हायचे. निखिलच्या घरचं सगळं छान आहे, त्या सांगायच्या. सून चांगली आहे, नातवंडं 'हाय आजी' म्हणून जातात. वाल मिळतात, पण थंडीने मोड येत नाहीत, पातेलं हीटरपाशी ठेवावं लागतं. अ‍ॅशबर्नला एक वर्ग सुरू करा असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "जिना चढून वर गेलं की मग लायब्ररी. आधी जिना."

फेब्रुवारीत निखिलचा फोन आला तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं. झोपेत गेल्या, शांत, असं त्याने कसंबसं सांगितलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं बघितलं होतं, व्हिडिओ कॉलवर.

माझ्याकडे तेव्हा लख्ख ऊन होतं. त्यांच्याकडे दुपार कलली होती, पण बेसमेंटला कुठली दुपार? वरचे दिवे लागलेले. एका साध्या खुर्चीत बसून त्या मला तिथल्या बर्फाबद्दल सांगत होत्या. निळा झगा अंगावर, स्वेटरच्या वरून. मांडीवर वालाचं ताट होतं, पण सोलत नव्हत्या. बोलता बोलता एकदम स्क्रीन काळा झाला.

"काकू? दिसत नाही तुम्ही. कट झालं का?"

"नाही, नाही, आहे मी," अंधारातून आवाज आला. "दिवे गेले. या घरात सगळे दिवे हललं की लागतात. मी बसले की यांना वाटतं कुणी नाही, आणि विझतात. दिवसातून कितीदा होतं." मग जराशा हसल्या. "हललं तर काय ते लिहिलंय बघ यांनी. हललं नाही तर बंद. जो कोण असेल ना, त्याला मी शनिवारी पुढच्या बाकावर बसवला असता."

"निखिलला सांगा ना, बदलून देईल."

"सांगितलं असतं. पण तो बिचारा लगेच कॅमेरा लावील."

थोडा वेळ त्या तशाच अंधारात बसून राहिल्या. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "काकू, हात हलवा ना. दिसू देत मला तुम्ही."

"थांब."

दिवे लागले. काकूंचा एक हात वर होता, डोक्याच्या वर, वर्गात मूल उत्तर द्यायला करतं तसा, आणि तो त्या सावकाश इकडून तिकडे हलवत होत्या. वर दिव्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मला काय वाटलं कोण जाणे, मीही इकडून हात वर केला आणि हलवला.

त्यांनी खाली बघितलं तेव्हा त्यांना माझा हलता हात दिसला. त्यांना वाटलं मी निरोप घेतेय.

"बरं बरं, काम असेल तुला," त्या म्हणाल्या. "ठेव मग." आणि फोन बंद झाला.